कूलंट भरूनही गाडी तापते? अडकलेली हवा काढा आणि ती शिरते कुठून ते शोधा

कूलंट (इंजिन थंड ठेवण्यासाठी आत फिरणारं द्रव) बदललं, होज पाइप बदलला किंवा रेडिएटर काढून परत बसवला, आणि तेव्हापासून गाडी तापायला लागली, अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा आत हवा अडकलेली असते. ती नीट काढली की विषय संपतो. पण काही गाड्यांत हवा काढली तरी दहा-पंधरा दिवसांत पुन्हा तेच सुरू होतं. अशा गाडीतली हवा कितीही वेळा काढा, ती शिरायची वाट बुजवल्याशिवाय सुटका नाही. दोन्ही प्रकारच्या गाड्या मी खूप हाताळल्या आहेत, म्हणून कुठून सुरुवात करायची आणि कुठे थांबायचं ते क्रमाने लिहितोय.

लक्षणं

सगळ्यात बोलकं लक्षण हीटरचं. नॉब पूर्ण गरमवर ठेवून गाडी चालवली की गरम वारा येतो, आणि गाडी उभी राहून इंजिन आयडलिंगला आलं की तोच वारा थंड पडतो. रेस दिली की पुन्हा गरम. हीटरची जाळी बऱ्याच गाड्यांत उंचावर आणि वॉटर पंपापासून लांब असते. हवा तिथे जाऊन बसते आणि इंजिन मंद फिरत असताना पंपाला ती हलवता येत नाही.

दुसरं, डॅशबोर्डच्या मागून येणारा खळखळ, बुडबुड आवाज. यंत्रणा पूर्ण भरलेली असेल तर आतून वाहणारं कूलंट ऐकू येत नाही. आवाज येतोय म्हणजे पाण्यासोबत हवाही फिरतेय.

तिसरं, तापमानाचा काटा भराभर वर चढतो आणि अचानक खाली येतो. चौथं, वरचा होज हात लावू नये इतका तापलेला, खालचा मात्र गार, आणि फॅन लागायचं नाव नाही. पाचवं, गाडीखाली एक थेंब दिसत नाही तरी कूलंट कमी होत राहतं.

काट्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण तो इथे फसवतो. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडलेला असेल तरच खरं सांगतो. पाण्याच्या मानाने हवेतून उष्णता साधारण २५ पट कमी वाहते. सेन्सरभोवती हवेची पोकळी आली की इंजिनचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, तापत असतानाही काटा खाली उतरतो. म्हणून तापलेल्या गाडीचा काटा एकदम पडला आणि हीटरही थंड झाला, तर गाडी निवली असं समजू नका. ताबडतोब बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. शिवाय आजच्या बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम मधोमध धरून ठेवलेला असतो; मधल्या वीस-तीस अंशांत आत चढउतार झाला तरी तो हलत नाही. ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती वाचायच्या सॉकेटला, लावायचं छोटं रीडर असेल तर खरे अंश मोबाइलवर दिसतात. या कामात त्याचा फार उपयोग होतो.

टोपी उघडण्याआधी

इंजिन पूर्ण थंड हवं. वरचा होज हाताला गार आणि दाबल्यावर मऊ लागला, की मगच टोपीला हात लावायचा. बहुतेक गाड्यांच्या टोपीवर ०.९ ते १.४ बार (बार हे दाबाचं एकक) असा आकडा असतो. इतक्या दाबाखाली निम्मं कूलंट, निम्मं पाणी असं मिश्रण साधारण १२५ अंशांपर्यंत उकळत नाही. तापलेल्या इंजिनची टोपी उघडली की दाब एका क्षणात जातो, आतलं पाणी तिथल्या तिथे उकळतं आणि वाफेसकट अंगावर येतं. वर कापड धरल्याने हे थांबत नाही.

तापलेल्या इंजिनात गार पाणीही ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो. आणि इलेक्ट्रिक फॅन इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, हात आणि सैल बाह्या लांब ठेवा.

पहिली तपासणी: पातळी, पण नेमकी कुठली?

खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं, आणि निम्मं निदान इथेच होतं. आधी तुमची यंत्रणा कुठल्या प्रकारची ते बघा. काही गाड्यांत रेडिएटरवर स्वतःची दाबाची टोपी असते आणि बाजूला साधी प्लॅस्टिकची बाटली असते. काहींत रेडिएटरला टोपीच नसते. बाटलीच दाबाची असते, तिला जाड नळ्या जोडलेल्या असतात आणि टोपी आट्यांची असते.

पहिल्या प्रकारात बाटली बघून समाधान मानू नका. रेडिएटरची टोपी उघडा आणि आत बघा. कूलंट मानेपर्यंत काठोकाठ दिसलं पाहिजे. बाटली ‘फुल’च्या खुणेवर आणि रेडिएटरमध्ये मात्र वरच्या नळ्या उघड्या पडलेल्या, असं दृश्य मी वारंवार पाहिलंय. गाडीचा मालक रोज बाटली बघतो, ती भरलेली दिसते, म्हणून तो निर्धास्त असतो. भरलेली बाटली आणि रिकामा रेडिएटर एकत्र दिसले, की दोष टोपीत किंवा त्या दोघांना जोडणाऱ्या बारीक नळीत शोधायचा.

दुसरी तपासणी: टोपी आणि बारीक नळी

हवा पुन्हा पुन्हा भरते त्या गाड्यांत मी सगळ्यात आधी इथे बघतो. टोपीत दोन वॉल्व्ह असतात. मोठा स्प्रिंगवाला वॉल्व्ह दाब ठरावीक आकड्यापुढे गेला की जास्तीचं कूलंट बाटलीत सोडतो. त्याच्या पोटात मधोमध एक छोटी चकती असते. इंजिन थंड होताना कूलंट आकसतं, आत ओढ तयार होते, तेव्हा ही चकती उघडते आणि बाटलीतलं कूलंट परत रेडिएटरमध्ये येतं.

आता ती बारीक नळी बघा. रेडिएटरच्या मानेवर ती जिथे चढवलेली असते, तिथलं शेवटचं बोटभर रबर तापून तापून कडक होतं आणि त्याला केसासारखी चीर जाते. जागेवर बसलेली असताना ती चीर दिसत नाही. नळी काढून टोकाशी वाकवली की उघडते. गाडी तापताना दाबाने कूलंट बाटलीत जातं, काही बिघडलं असं वाटत नाही. थंड होताना मात्र चिरलेल्या स्ट्रॉने सरबत ओढावं तसं होतं, ओढ लागते पण येते ती हवा. प्रत्येक वेळी गाडी तापली आणि निवली की घोटभर हवा आत. बाटलीच्या आतलं नळीचं टोक कूलंटमध्ये बुडालेलं नसेल, निसटलं असेल किंवा पातळी त्याच्या खाली गेली असेल, तरीही हेच होतं.

टोपीचं रबर दबून चपटं झालंय का, चिरलंय का, मधली चकती नखाने हलकेच ओढल्यावर उघडून परत बसते का, ते बघा. गाडी थंड झाल्यावर वरचा होज चपटा झालेला दिसला तर ती चकती चिकटलीय किंवा नळी तुंबलीय असं धरा. टोपी बदलताना आकडा तोच घ्या. जास्त दाबाची टोपी लावली की जुने होज आणि रेडिएटरचे प्लॅस्टिक सांधे ताणले जातात. कमी दाबाची लावली की कूलंट लवकर उकळतं आणि बाहेर जातं.

दाबाच्या बाटलीच्या गाडीत टोपीच्या आतली रबरी रिंग बघा आणि बाटलीच्या सांध्यावर बारीक तडे शोधा. या बाटलीला वरून एक बारीक नळी येते. तिच्यातून हवा सतत बाटलीत परत येत असते. ती नळी किंवा बाटलीवरचं तिचं तोंड गाळाने बुजलं तर या यंत्रणेला हवा काढायची वाटच राहत नाही. इंजिन चालू असताना त्या तोंडातून बारीक धार पडताना दिसली पाहिजे. मात्र काही इंजिनांत ती थर्मोस्टॅट (कूलंट तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारा वॉल्व्ह) उघडल्यावरच सुरू होते, त्यामुळे सुरुवातीला दिसली नाही म्हणून लगेच दोष काढू नका.

हवा काढायची कशी

आधी एक हिशोब. जुनं कूलंट काढलं असेल तर ते मोजून ठेवा. छोट्या गाडीत साधारण ४ ते ६ लिटर मावतं, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. ५ लिटर बाहेर आलं आणि साडेतीन लिटरमध्ये काठ गाठला, तर उरलेलं दीड लिटर ही हवा आहे, तिची जागा अजून भरायची आहे. हे मोजमाप केलं तर अंदाजाने काम करावं लागत नाही.

कूलंट पुस्तकात सांगितलेल्या प्रकारचंच घ्या. रंग बघून जुळवू नका, रंगाचं कुठलंही ठरलेलं प्रमाण नाही. तयार मिश्रण नसेल तर डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड पाणी वापरा. नळाच्या पाण्यातले क्षार आत थर धरतात.

गाडीचं नाक थोडं वर राहील अशी उभी करा, म्हणजे रेडिएटरची मान सगळ्यात उंच होईल आणि हवा आपोआप तिकडे सरकेल. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना अडण लावा. नाक वर करायला जॅकवर उभ्या गाडीत इंजिन चालू करू नका. चढ असलेली जागा किंवा रॅम्प वापरा. दाबाची बाटली इंजिनच्या मागच्या बाजूला असेल तर नाक वर करण्याचा उपयोग नाही, गाडी सपाट ठेवा.

हीटरचा नॉब पूर्ण गरमवर, ब्लोअर सगळ्यात कमी, एसी बंद. काही गाड्यांत हीटरकडे जाणाऱ्या वाटेवर वॉल्व्ह असतो आणि नॉब थंडवर असेल तर ती वाटच बंद राहते. बाकीच्यांत पाणी कायम वाहतं, पण तिथेही गरम वारा आला की हवा निघाल्याची खूण मिळते.

आता सावकाश ओता. धार बारीक ठेवा. भसाभस ओतलं की कूलंट वरून झाकण घालतं आणि खालच्या हवेला बाहेर पडायला जागा राहत नाही. अधूनमधून वरचा आणि खालचा जाड होज हाताने दाबून सोडा. प्रत्येक वेळी दोन-चार मोठे बुडबुडे वर येतील आणि पातळी खाली जाईल. पातळी जायची थांबेपर्यंत हे करत राहा. थंड इंजिनमध्ये, कुठलाही धोका न पत्करता, सगळ्यात जास्त हवा याच कामात निघते आणि नेमकं हेच लोक घाईने उरकतात.

गाडीला ब्लीड स्क्रू, म्हणजे हवा सोडायचा स्क्रू, असेल तर तो थर्मोस्टॅटच्या घरावर, रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात किंवा हीटरच्या होजवर सापडेल. जागा पुस्तकात बघा. अंदाजाने सापडेल तो स्क्रू सोडू नका. तो एक-दोन आटे सैल करा. आधी नुसती हवा फुसफुसेल, मग फेसाळ, तुटक कूलंट येईल, मग अखंड धार. धार अखंड झाली की बंद करा. पुष्कळ गाड्यांत हा स्क्रू प्लॅस्टिकचा असतो, बोटाच्या जोरापेक्षा थोडाच जास्त आवळायचा. तुटला तर तो बाहेर काढणं मूळ कामापेक्षा अवघड जातं. एकापेक्षा जास्त स्क्रू असतील तर आधी खालचा, मग वरचा.

मग रेडिएटरच्या मानेवर घट्ट बसणारं उंच फनेल लावा, त्यात थोडं कूलंट राहू द्या आणि इंजिन सुरू करा. आता यंत्रणेतली सगळ्यात उंच जागा फनेल आहे. रेस न देता आयडलिंगला ठेवा. फनेलमध्ये बुडबुडे येत राहतील. इंजिन तापत जाईल आणि साधारण ८२ ते ९२ अंशांच्या दरम्यान थर्मोस्टॅट उघडेल. तो क्षण डोळ्यांना दिसतो, फनेलमधली पातळी एकदम खाली जाते आणि पाठोपाठ मोठा बुडबुडा वर येतो. थर्मोस्टॅटच्या मागे दबून बसलेली हवा ती. लगेच भर घाला. खालचा होज आता गरम व्हायला लागला पाहिजे. मधून मधून रेस २००० ते २५०० आरपीएमपर्यंत नेऊन काही सेकंद धरा आणि हळूच सोडा. फनेलवर वाकून बघू नका, बुडबुड्यासोबत गरम कूलंट उडू शकतं.

फॅन दोनदा लागून बंद झाला, हीटर आयडलिंगलाही गरम राहिला आणि बुडबुडे थांबले, की इंजिन बंद करा. पूर्ण निवू द्या. मग फनेल काढा, मान काठोकाठ भरा, टोपी लावा, बाटली खुणेपर्यंत भरा.

दाबाच्या बाटलीच्या गाडीत फनेलचा खटाटोप सहसा लागत नाही. पुस्तकात सांगितलं असेल तशी टोपी उघडी किंवा बंद ठेवून इंजिन तापवा आणि थंड झाल्यावर पातळी भरा.

पुढचे तीन-चार दिवस सकाळी, इंजिन थंड असताना पातळी बघा. पहिल्या एक-दोन वेळा थोडी उतरेल, कोपऱ्यात राहिलेली हवा बाहेर येत असते. त्यानंतर ती थांबली पाहिजे.

सांडलेलं कूलंट भरपूर पाण्याने धुवा आणि जुनं कूलंट बंद डब्यात ठेवा. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, मुलांच्या आणि जनावरांच्या जिवावर बेतू शकतं.

पातळी तरीही उतरतेय

आता गळती शोधायची. गाडीखाली थेंब नाही म्हणजे गळती नाही असं नसतं. गरम इंजिनवर पडलेला थेंब जमिनीवर पोचण्याआधीच वाळतो आणि मागे पांढरी, गुलाबी किंवा हिरवी पापडी ठेवतो. ती पापडी शोधा. होजची टोकं, क्लिपांच्या कडा, रेडिएटरची ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकची टाकी जिथे एकमेकांत दाबून बसवलेली असते तो सांधा, आणि वॉटर पंपाच्या पोटाखालचं छोटं छिद्र. ते छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की तिथून पाणी येतं. छिद्र बुजवू नका, पंप बदला.

पुढच्या डाव्या किंवा उजव्या पायाखालचं कार्पेट ओलसर, आत गोडसर वास, समोरच्या काचेवर पुसूनही जात नाही असा तेलकट धुरकटपणा, असं काही असेल तर हीटरची जाळी गळतेय.

प्रेशर टेस्टर मिळाला तर गळती शोधणं सोपं होतं. थंड इंजिनला टोपीच्या जागी तो लावून टोपीवरच्या आकड्याइतकाच दाब द्या आणि पंधरा-वीस मिनिटं सोडा. काटा उतरला की गळती आहे आणि इंजिन थंड असल्याने ती ओली दिसतेही.

थर्मोस्टॅट नुकताच बदलला असेल तर तो कसा बसवलाय ते तपासा. त्याच्या चकतीवर एक छोटं छिद्र आणि त्यात हलणारी पिन असते, ती हवा जाण्यासाठीच. उभ्या बसणाऱ्या थर्मोस्टॅटमध्ये पिन सगळ्यात वर हवी. खाली आली तर हवा वरच अडकते आणि कितीही ब्लीड केलं तरी थर्मोस्टॅट उशिरा उघडतो. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकण्याचा सल्ला काही जण देतात, तो मानू नका. इंजिन योग्य तापमानाला येत नाही, इंधन जास्त जातं, आणि खरा दोष तिथेच राहतो.

हेड गॅस्केटची शंका

गळती नाही, टोपी नवी, नळ्या नव्या, आणि हवा तरीही भरते. मग ती बाहेरून येत नसेल. सिलिंडरमध्ये स्फोटाच्या वेळी दाब कित्येक दहा बारपर्यंत जातो, कूलंटचा दाब एक-दीड बार. हेड आणि इंजिनच्या ब्लॉकमधला सांधा बंद ठेवणारी पट्टी, म्हणजे हेड गॅस्केट, जराशी जरी सुटली तरी जळलेला वायू कूलंटमध्ये घुसतो.

घरी करता येण्यासारखी एक परीक्षा आहे. रात्रभर उभ्या गाडीची टोपी सकाळी उघडून परत लावा, म्हणजे आतला दाब शून्य झाला. इंजिन सुरू करा आणि एक-दोन मिनिटांत वरचा होज दाबून बघा. कूलंट अजून गारच आहे, होज मऊच लागायला हवा. तो दगडासारखा कडक झाला असेल तर तो दाब उष्णतेचा नाही, सिलिंडरमधून आलेला आहे. रात्रभर निवलेल्या गाडीची टोपी उघडताना फुस्स करून दाब सुटणं, हीही तीच खूण.

बुडबुड्यांतही फरक असतो. अडकलेली हवा मोठ्या, तुटक बुडबुड्यांनी येते आणि कमी कमी होत थांबते. वायूचे बुडबुडे बारीक आणि एकसारखे असतात, रेस दिली की वाढतात, अर्ध्या तासानेही थांबत नाहीत. पक्कं करायचं तर ब्लॉक टेस्टरचं निळं द्रव वापरतात. कूलंटवरच्या हवेत जळका वायू असेल तर ते पिवळं पडतं.

सकाळी पहिल्या सेल्फला एखादा सिलिंडर चुकतोय आणि सायलेन्सरमधून गोड वासाचा पांढरा धूर येतोय, तर उलट दिशेने कूलंट सिलिंडरमध्ये उतरतंय. डिझेल गाडीत हाच धूर ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा जळका वायू कूलंटने थंड करणारा भाग) फुटल्यानेही येतो. ऑइलच्या काठीवर दुधाळ पदार्थ दिसला तर ऑइलमध्ये पाणी गेलंय.

इथे थांबा, मेकॅनिकला बोलवा

वरच्या गॅस्केटच्या खुणांपैकी एकही पक्की दिसली, तर ब्लीड करणं थांबवा आणि गाडी चालवू नका. हेड उतरवणं, त्याचा सपाटपणा तपासणं, बोल्ट ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या टॉर्कने आवळणं ही कामं अंगणात होत नाहीत. ऑइल दुधाळ असेल तर सेल्फसुद्धा मारू नका, बेअरिंग जातील. गळती बंद करणारी पावडर किंवा द्रव ओतू नका. ते हीटरच्या जाळीच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवतं.

दोनदा नीट हवा काढून, टोपी आणि नळी बदलूनही लक्षणं तशीच असतील, तरीही थांबा. गॅरेजमध्ये व्हॅक्यूमने भरायचं साधन असतं. ते आधी सगळी यंत्रणा निर्वात करतं, निर्वात टिकते का यावरून गळती दाखवतं, आणि मग त्याच ओढीने कूलंट आत घेतं. ज्या गाड्यांत नळ्यांचा मार्ग वाकडातिकडा आहे तिथे याला पर्याय नाही.

इलेक्ट्रिक वॉटर पंपाच्या गाड्यांत हवा काढण्याचा ठरलेला क्रम असतो, तो काही वेळा स्कॅनरनेच सुरू करावा लागतो. पंप नुसत्या हवेत फिरला तर खराब होतो, तेव्हा माहिती नसेल तर हात लावू नका. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत इन्व्हर्टर आणि बॅटरीसाठी वेगळी कूलंटची वाट असते. जवळ नारिंगी केबल दिसली की ते काम प्रशिक्षित माणसाचं.

गाडी टो करून न्या. आणि देताना तीन गोष्टी लिहून द्या: किती दिवसांत किती कूलंट कमी झालं, होज थंड इंजिनवर कडक होतो का, आणि आधी काय काय बदललंय. त्यामुळे मेकॅनिकला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही आणि तुम्ही नुकतीच बदललेली टोपी पुन्हा बदलली जात नाही.